शास्त्रीय संगीत आणि आपण : हडपसरच्या बैठकीतला एक वाद

हडपसरला गाडीतळाच्या मागे, एका चाळीतल्या दीड खोलीत, १९८३ पासून आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी गाणे ऐकायला बसत होतो. गाणे म्हणजे शास्त्रीय गाणे. कारखान्यात फिटर असलेला एक मित्र (खोली त्याचीच), पी.एम.टी.तला एक वाहक, इस्पितळात नोकरी करणाऱ्या एक परिचारिकाबाई, इतिहास शिकवणारे एक प्राध्यापक आणि शाळामास्तर असलेला मी. आम्ही सारे चळवळीतले, मोर्च्यात भेटून ओळख झालेले. बैठकीला नाव नव्हते, वर्गणी नव्हती, अध्यक्ष नव्हता. नियम एकच होता. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या आवडीची एक चीज आणायची. ती संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचे नाही. मग ती आपल्याला का आवडते हे त्याने सांगायचे आणि त्यानंतर बाकीच्यांनी त्याला सोडायचे नाही.

ते नामांतराचे दिवस होते. १९७८ साली विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात घरे जळाली, माणसे मेली, ती जखम ओली होती. अशा काळात आमच्या या रविवारचा बोभाटा झाला तेव्हा एक कार्यकर्ता दारात उभा राहून म्हणाला, "तिकडं लोक मार खाताहेत आणि तुम्ही इथं मारवा ऐकताय?" वाहक म्हणाला, "मारवा संध्याकाळचा असतो, दादा. सकाळी नाही ऐकत." सगळे हसले. पण तो कार्यकर्ता हसला नाही, आणि त्याचे बरोबर होते. त्याचा प्रश्न विनोदाने उडवून लावण्यासारखा नव्हता. हे गाणे कोणाचे, आणि ते आवडले तर आपण कोणाच्या पंक्तीला जाऊन बसतो, हाच तो प्रश्न. पुढची कित्येक वर्षे आम्ही कोणतीही चीज ऐकली तरी वाद फिरून याच जागी येई. त्या वादातून मला जो इतिहास कळला तो येथे मांडत आहे.

सुरुवात प्राध्यापकांच्या आवडीपासून करतो. त्यांची आवड ठरलेली होती : उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. तीन-साडेतीन मिनिटांची जुनी तबकडी, तिच्यावरून कोणीतरी भरून दिलेली कॅसेट, गाण्यापेक्षा खरखर जास्त. त्या खरखरीतून तो बारीक, ओलसर आवाज वर आला की परिचारिकाबाई डोळे मिटून घेत. फिटर मात्र अस्वस्थ होई. त्याचे म्हणणे असे की हे पुण्याचे गाणे आहे. शनिवार-सदाशिव पेठेतले, बाराबंदी आणि उपरण्याचे गाणे. "ह्यात आपला कुणी नाय," असे तो म्हणे.

प्राध्यापक त्यावर एकदा तासभर बोलले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पुण्यात 'पूना गायन समाज' १८७४ साली निघाला. त्याआधी गाणे पुण्यात नव्हते काय? होते. पण ते उस्तादांच्या घरी होते, नायकिणींच्या माडीवर होते, दरबारात होते, तमाशाच्या फडात होते. भल्या घरच्या माणसाने ते उघडपणे शिकावे अशी त्याची प्रतिष्ठा नव्हती. गायन समाजाने ती प्रतिष्ठा मिळवून द्यायचे काम अंगावर घेतले आणि ते करताना गाणे ज्यांच्या हातात होते त्यांच्याकडून ते वेगळे काढायलाही सुरुवात झाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांनी गावोगाव हिंडून उस्तादांच्या चिजा उतरवून घेतल्या आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज स्थापला. ही कामे मोठी आहेत, ती नाकारण्यात अर्थ नाही. स्वरलिपी झाली म्हणून तर घराण्याच्या तिजोरीतली चीज बाहेर आली. मास्तरच्या मुलालाही पुस्तक उघडून पाहता येऊ लागले. पण तिजोरी फुटली तेव्हा दाराशी कोण उभे होते, हे विचारायला हवे. भास्करबुवा स्वतः नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्यापाशी शिकले होते. शिकवणारे मुसलमान, गाणे टिकवणाऱ्या कलावंतिणी, आणि पाटी लावून शाळा काढणारे मात्र बहुतेक ब्राह्मण. एका पिढीत हा बदल झाला.

आता खाँसाहेबांचे पाहा. जन्म १८७२, उत्तरेत कैराना गावी. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात आले. तिथे सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे शिकत होती. दोघांनी बडोदे सोडले, संसार केला. पुढे खाँसाहेबांनी बेळगावला, नंतर पुण्यात विद्यालय काढले. त्याचे नाव त्यांनी काय ठेवले? 'आर्य संगीत विद्यालय'. एका मुसलमान उस्तादाला महाराष्ट्रात शाळा चालवायची तर पाटीवर 'आर्य' लिहावे लागावे, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. काही काळाने ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली. हिराबाईंनी तिकीट लावून, रंगमंचावर बसून, प्रतिष्ठित बाईसारखे गाता येते हे महाराष्ट्राला दाखवले. सारे पुणे त्यांना मानत असे. पण त्या मानाच्या पोटात हा नावबदल आहे. आपल्यापैकी किती जणांनी खोली भाड्याने मिळावी म्हणून आडनाव बदलले, याची आठवण प्राध्यापकांनी तेव्हा करून दिली. खोलीत कोणी बोलले नाही. आमच्यातल्या एकाने ते केलेले होते.

याच बडोद्याची दुसरी गोष्ट वाचकांना सांगायला नको. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात परतले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशाच्या वसतिगृहातून काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढले. ज्या संस्थानाने मौलाबक्षांकडून १८८६ मध्ये गायनशाळा काढवली, त्याच संस्थानाच्या राजधानीत हे घडले. कोल्हापूरचेही असेच जोडून पाहता येते. अल्लादिया खाँसाहेब ज्यांच्या दरबारी होते ते शाहू महाराज. त्यांनीच १९०२ साली मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या आणि १९२० च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांना पुढे केले. म्हणजे जे दोन राजे आपल्या चळवळीच्या इतिहासात आहेत, तेच दोघे या गाण्याच्या इतिहासातही आहेत. गाण्याचा इतिहास लिहिणारे एक पान लिहितात, आपण दुसरे लिहितो. दोन्ही पाने एका वहीतली आहेत असे कोणी म्हणत नाही.

फिटरला हे सारे पटत होते, पण त्याचे समाधान होत नव्हते. तो म्हणायचा, "मुसलमान झाले, बाया झाल्या. आपण कुठं आहोत?" या प्रश्नाचे उत्तर ऐकण्यात नव्हते, वाद्य उलटे करून पाहण्यात होते. तबला-पखवाज बोलतो तो कातड्यावर. पुडी शेळीच्या कातड्याची, ताण देणारी वादी बहुधा म्हशीच्या कातड्याची. मेलेले ढोर ओढणे कोणाकडे होते आणि कातडे कमावणे कोणाकडे होते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगावे लागू नये. ज्या हाताने कातडे कमावले तो हात विटाळाचा. तेच कातडे खोडावर चढून शाई लागून बैठकीत आले की देवाचे वाद्य, त्याला पाय लागला तर नमस्कार करायचा. दक्षिणेत मृदंग बनवणाऱ्या घराण्यांवर टी. एम. कृष्णा या गायकाने 'सॅबॅस्टियन अँड सन्स' नावाचे पुस्तक लिहिले. ते कारागीर बरेचसे दलित ख्रिस्ती. २०२० च्या जानेवारीत त्या पुस्तकाचे प्रकाशन चेन्नईच्या कलाक्षेत्राने आपल्या सभागृहात होऊ दिले नाही. दिलेली परवानगी मागे घेतली. कातड्यावर वाजवलेले चालते, कातड्याविषयी लिहिलेले चालत नाही.

तानपुऱ्याचेही तसेच. मिरजेत सतारी आणि तानपुरे बनवणारी घराणी शिकलगारांची. शस्त्रांना धार लावणारे हे मुसलमान कारागीर. तलवारींचे दिवस गेले तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी हत्यार बाजूला ठेवून वाद्य हाती घेतले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. तानपुऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठच्या शेतांतून. मंगळवेढे म्हणजे जिथे १३३८ साली गावकुसाचे बांधकाम कोसळून वेठीला लावलेले मजूर गाडले गेले आणि त्यांच्यात चोखामेळा होता. मी हे सांगितले तेव्हा वाहक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सूर तिथनंच लागतो म्हणा."

परिचारिकाबाईंची आवड वेगळी. त्या किशोरी आमोणकरांची भैरवी आणत. सोयराबाईचा तो अभंग, ज्याने त्यांच्या कितीतरी मैफली संपत. गाणे संपले की सभागृहात लोक उठून उभे राहत, काहींच्या डोळ्यांत पाणी असे. बाई म्हणायच्या, "उभ्या राहणाऱ्यांतल्या शंभरांना विचारा, हा अभंग कोणाचा? विठोबाचा म्हणतील." सोयरा चोखामेळ्याची बायको. अभंगाच्या शेवटी ती आपली सही करते, तीही जातीसकट, लपवून नव्हे. सारे रंग एक झाल्याचे ती सांगते तेव्हा ती मंदिराच्या बाहेर उभी आहे. पंढरपूरचे ते दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये उघडले. म्हणजे सोयराला सहा शतके थांबावे लागले. जितेंद्र अभिषेकींनी गायलेल्या चोखोबांच्या अभंगातही उंबरठ्याची हीच अडचण आहे, आणि तो तर घराघरात सणासारखा वाजतो.

यावर आमचे जे भांडण झाले ते दोन रविवार पुरले. फिटरचे म्हणणे : आमचे दुःख घेतले, त्याला भैरवीची साखर लावली, आणि आता ते कोणालाच टोचत नाही. बाईंचे म्हणणे : किशोरीताईंची आई मोगूबाई कुर्डीकर. गोव्याच्या कलावंत समाजातल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. दारातून आत घेतले जाणे आणि ओसरीवर थांबवले जाणे म्हणजे काय, हे त्या घराला कळत नसेल असे समजू नका. सोयराची ओळ त्यांच्या गळ्यात नुसती सुरेल म्हणून लागत नाही. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या, आजही वाटतात. मात्र एक सांगतो. बाईंनी आपल्या मुलीला गाण्याच्या एका वर्गात घातले होते. पहिल्याच दिवशी शिक्षिकेने आडनाव विचारले आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्यात ढोलकी चांगली असते, नाही?" मुलगी परत गेली नाही. त्या मुलीसमोर सोयराचा अभंग लावला की ती उठून आत जाई.

वाहकाने कुमार गंधर्वांची कबीराची निर्गुणी भजने आणली तेव्हाही असेच झाले. कबीर हा बाबासाहेबांच्या तीन गुरूंपैकी एक, त्यांच्या वडिलांचे घर कबीरपंथी. म्हणून या आवडीला कोणी विरोध करणार नाही असे वाहकाला वाटले होते. कुमारजी क्षयाने आजारी पडून देवासला राहिले आणि तिथे त्यांनी माळव्यातल्या फिरत्या गायकांकडून ही भजने ऐकली, असे त्याने सांगितले. प्राध्यापकांनी लगेच विचारले, "त्या फिरत्या गायकांची नावं?" नावे कोणाला ठाऊक नव्हती. पुढे खूप वर्षांनी प्रल्हादसिंह टिपानिया यांचे गाणे आमच्या हाती लागले. ते माळव्यातलेच, दलित समाजातले, पेशाने शिक्षक, हातात तंबुरा आणि करताल घेऊन गाणारे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आम्ही तोच कबीर दोघांकडून एकामागून एक ऐकला. कुमारांचा कबीर एकटा आहे. रात्री माळावर कोणी नसताना हाक मारावी तसा. टिपानियांचा कबीर माणसांत बसलेला आहे, थांबून समजावून सांगतो, मध्येच चिमटा काढतो. वाहक म्हणाला, "मला दोन्ही लागतात. ड्यूटीवर हा, घरी तो." त्याने वाद मिटवला नाही, पण माझ्या मते त्या दिवशी सर्वांत शहाणे वाक्य तेच बोलले गेले.

माझी स्वतःची आवड सांगायला मला संकोच वाटे, कारण ती 'शास्त्रीय'च्या व्याख्येत बसत नव्हती. मी यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी आणत असे. यमुनाबाई कोल्हाटी समाजातल्या, जन्म १९१५ चा, लहानपणी रस्त्यावर नाचून पोट भरलेल्या. पुढे त्यांनी शास्त्रोक्त तालीमही घेतली. त्यांची लावणी ऐका : शब्द तोच, पण प्रत्येक वेळी नव्या जागेवरून उचललेला, राग ओळखता येतो, लय संथ, अदा हाताच्या बोटांत. ठुमरीत जे असते ते सारे तिथे आहे. मग ठुमरी 'उपशास्त्रीय' आणि लावणी 'लोककला' का? या प्रश्नाला संगीतशास्त्रातले उत्तर मला कोणी दिलेले नाही. यमुनाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७७ मध्ये केसरबाई केरकरांची भैरवी 'व्हॉयेजर' यानावरच्या सोन्याच्या तबकडीतून अवकाशात गेली आणि ते उड्डाण झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरात, केसरबाई वारल्या. केसरबाईही कलावंत घराण्यातल्याच. या देशातले गाणे पृथ्वीबाहेर पाठवायची वेळ आली तेव्हा निवड झाली ती अशा आवाजाची. हे मी अभिमानाने सांगितले तर प्राध्यापक म्हणाले, "यान सूर्यमालेबाहेर जाईल. यमुनाबाई वाईबाहेर गेल्या तरी लोक विचारतात, नाचणारी का?"

जलशांचा विषय ओघाने येईच. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे हेच आपले खरे संगीत, बाकी सारे उसने, असे आमच्यातल्या काहींचे मत होते. मला ते अर्धे मान्य आहे. जलशाने गणातून देव काढला, गवळण बाजूला केली आणि त्या जागी विचार ठेवला. तमाशाच्या साच्यात एवढी मोठी क्रांती दुसऱ्या कोणी केली नाही. पण जलशाच्या चाली कुठल्या होत्या? लोकांच्या ओठांवर जे होते ते सगळे त्यांनी घेतले. लावणी, पोवाडा, भजन घेतले आणि नाटकातली पदेही घेतली. नाट्यपदे तर उस्तादांच्या चिजांवरून बेतलेली. म्हणजे झिंझोटी असो की भीमपलास, ती आपल्या वस्तीत पेटीवर बसून आलेलीच होती. त्या पेटीचेही नशीब पाहा. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी घातली, कारण ती परकी आणि तिच्यात श्रुती लागत नाहीत. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. ज्या वर्षांत रेडिओला ती अशुद्ध वाटत होती, त्याच वर्षांत ती आपल्या सभांतून खांद्यावरून नेली जात होती. तानपुरा घ्यायची ऐपत नसलेल्या माणसाला षड्ज देणारे वाद्य तेच होते. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते, तेही परदेशी वाद्य. त्यांनी श्रुतींची चौकशी केली होती की नाही, कोण जाणे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

आमच्या फिटर मित्राचे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणत असू, बैठकीच्या वेळी कधीही खोलीत नसत. बाहेर पायरीवर विडी ओढत बसत. ते मातंग समाजातले, मूळ पुरंदर तालुक्यातले, सनई वाजवणाऱ्या घरातले. १९७२ च्या दुष्काळात सासवड रस्त्याने चालत हडपसरला आले आणि आधी ऊसतोडीच्या, मग हमालीच्या कामाला लागले. मुलाला सनई शिकवली नाही. घरात सनई वाजू द्यायची नाही, असा त्यांचा दंडक होता; रेडिओवर लागली तरी बंद. कारण मुलालाही नीट ठाऊक नव्हते. एवढेच ठाऊक होते की गाव सोडताना बरोबर आणलेली सनई त्यांनी हडपसरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कालव्यात टाकली.

हा दंडक परिचारिकाबाईंना माहीत नव्हता. १९८७ सालच्या एका रविवारी त्यांनी उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांची कॅसेट आणली. सकाळचा तोडी. फिटर काही बोलायच्या आत त्यांनी कळ दाबली. नियम नियम असतो. संपेपर्यंत बोलायचे नाही. फिटरची नजर दाराकडे. तात्या आले नाहीत, ओरडले नाहीत. विडी विझलेली दिसली. एक बाजू संपली तेव्हा तात्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सूर धरणारा जुना माणूस हाय. त्याचं नाव काय लिव्हलंय?"

सनईच्या मेळात एक जण वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरतो. नाकाने श्वास घ्यायचा, गालातून सोडायचा, सूर तुटू द्यायचा नाही. तासभर, दोन तास. सारी चीज त्या सुरावर उभी असते. आम्ही चार वर्षे संगीतावर वाद घालत होतो आणि सूर धरणाऱ्याकडे आमच्यापैकी कोणाचाही कान गेला नव्हता. कॅसेटचे वेष्टन उलटेपालटे करून पाहिले. उस्तादांचे नाव होते, रागाचे नाव होते आणि खाली 'व साथी'.

तात्या तेव्हा जे बोलले ते माझ्या आठवणीप्रमाणे असे : "थोरला भाऊ वाजवायचा. मी सूर धरायचो. एकवीस वर्सं. लग्नं लावली शेकड्यांनी. मांडवात कधी गेलो नाय. बाहेर बसायचं, नवरी आत गेली की आमचं तोंड तिकडं आन् तिचं इकडं. जेवण समदी उठल्यावर, वाढतील ते. एका लग्नात भाऊ वाजवतावाजवता भवळ यून पडला. उपाशी व्हता. तर म्हनले, वाजप थांबवू नका, मुहूर्त टळंल. मग म्या त्याची सनई घिऊन वाजवली. सूर धरायला कुनी नव्हतं." एवढे सांगून ते म्हणाले, "बंद करा आता," आणि पायरीवर जाऊन बसले.

त्या दिवशी वाद झाला नाही.

या गोष्टीला मी इतिहास म्हणतो. महाडच्या सत्याग्रहापासून, १९२७ पासून, आपल्या माणसांनी गावकीची कामे टाकली : मेलेली गुरे ओढणे, शिळे तुकडे मागणे, दवंडी, वाजप. ही यादी आपण नेहमी एका दमात वाचतो. पण ढोर ओढणे टाकण्यात गमवायचे काहीच नव्हते. वाद्य टाकणाऱ्याने मात्र अपमानाबरोबर आपली विद्याही कालव्यात टाकली, कारण दोन्ही एकाच पोकळ लाकडात होत्या. ती विद्या पिढ्यांची होती, तिला घराणे होते, फक्त नाव नव्हते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात प्रथेप्रमाणे सनईने होते. हा महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केला, आणि करणाऱ्या मंडळाच्या नावात खाँसाहेबांचे ते 'आर्य संगीत' आजही आहे. रमणबागेत रात्रभर कार्यक्रम चालत तेव्हा मी आणि वाहक दोनदा गेलो होतो, पहाटेच्या पहिल्या बसने हडपसरला परतलो होतो. सनई सुरू असताना लोक आपापल्या जागा शोधत असतात, सतरंज्या झटकत असतात, हे मी तेव्हा पाहिले; तात्यांची गोष्ट ऐकल्यावर त्याचा अर्थ कळला. तिथेही वाजवणारा मंचावर आहे, मांडवाबाहेर नाही, हा फरक मी लहान मानत नाही.

तात्या १९९१ मध्ये वारले. चाळ गेली, शेते गेली. मुंढव्याच्या बाजूला उसाच्या जागी काचेच्या इमारती आल्या. बैठक मात्र मोडली नाही. आता आम्ही चौघेच उरलो आहोत, फिटरच्या मुलाच्या सदनिकेत बसतो, आणि कॅसेटऐवजी मोबाइलवरून गाणे लावतो. गेल्या पावसाळ्यात फिटरची चौदा वर्षांची नात आमच्यात येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, मला सनई शिकायचीय."

फिटरचा चेहरा उतरला. "माझ्या बापानं कालव्यात टाकली, ती मी परत बाहेर काढू?" एवढेच तो म्हणाला. प्राध्यापकांनी त्याला तामिळनाडूतल्या पराईचे उदाहरण दिले. प्रेतापुढे वाजवावी लागते म्हणून दलितांनी ती वाजवायची सोडली आणि पुढे त्यांच्याच मुलामुलींनी तीच पराई मोर्च्यांत, मंचावर, ताठ मानेने वाजवायला घेतली. फिटर म्हणाला, पराई मोर्च्यात चालते; सनई लग्नातच बोलावतात. परिचारिकाबाई, ज्यांची मुलगी पहिल्या दिवशीच वर्गातून परत आली होती, त्या मुलीच्या बाजूने उभ्या राहतील असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, "शिकवणार कोण? आणि तो पहिल्या दिवशी काय विचारील?" मी नातीच्या बाजूने बोललो. मास्तर माणूस, शिकू नको असे मला म्हणवत नाही. पण तात्यांचा प्रश्न मला आठवला आणि माझा आवाज हवा तेवढा लागला नाही.

मुलगी सगळे ऐकत होती. मग तिने विचारले, "पणजोबा वाजवायचे ते काय वाजवायचे? त्यांची आवडती चीज कुठली?" फिटरने आमच्याकडे पाहिले, आम्ही त्याच्याकडे. चार वर्षे ते आमच्या दारात बसले होते आणि दर रविवारी आम्ही एकमेकांना हाच प्रश्न विचारत होतो. त्यांना कोणीच विचारला नव्हता.

पुरंदर तालुक्यातल्या त्या गावात तात्यांच्या थोरल्या भावाचा नातू अजून राहतो, असे फिटरला आठवते. येत्या रविवारी बैठक हडपसरला नाही. सकाळच्या सासवडच्या बसने आम्ही चौघे आणि ती मुलगी तिकडे जाणार आहोत.